आखाजीचं लाल पाणी

नाल्याकाठी मरीमाईच्या ओट्यापाशी त्या दिवशी पाय ठेवाले जागा नव्हती. डोक्यावर घागरी घेतलेल्या बाया, खांद्यावर लेकरं बसवलेले बाप्ये, अन् बाभळीवर काट्याची पर्वा न करता चढलेली पोट्टी. मधात ओट्यावर बुवा उभा. वरतून उघडाबंब, कमरेले हिरवं लुगडं, अन् हातात कडुनिंबाचा हिरवागार डगळा, म्हंजे पाल्याची फांदी. तिच्यापायीच लोक त्याले डगळेबुवा म्हणत. कोठचा, कोणाचा, कोणाले ठावं नाही. वाशीमात पटकीची साथ आली अन् तिच्या मांगं हा आला, मेल्या ढोरामांगं घार येते तसा.

त्याच्यासमोर गंगाळात पाणी होतं. लाल. कमेटीच्या, म्हंजे नगरपालिकेच्या, इहिरीतलं.

"पाहा व मायहो," बुवा म्हणे, "हा रंग नोहे. हे रगत हाय. कमेटीवाल्यायनं तुमच्या इहिरीत रगत कालवलं. तुमी हे प्यान? लेकरायले पाजान?"

"नाही जी," बाया म्हणाल्या.

"अन् परवा आखाजी. तुमचे पितर येतीन घागरीवर. त्यायलेही हेच पाजान?"

घाव बरोबर बसला होता. आखाजीले, म्हंजे अक्षय तृतीयेले, आपल्याकडं मेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरतात. उनाचे दिवस, वर गेलेलं माणूस तहानेलं असते, अशी आपली समजूत. अन् नेमक्या त्याच आठवड्यात कमेटीच्या डाक्टरनं गावच्या साऱ्या इहिरीत लाल दवाई टाकली. दवाई चांगली, पण येळ वाईट. मेलेल्या सासूसमोर लाल पाण्याची घागर ठेवाची म्हणलं की बाईचा हातच उचलत नव्हता. बुवानं तेवढं हेरलं.

त्यानं दोन निंबू माईसमोर धरले, चरचर कापले अन् डगळ्यावर पिळले. माईले बळी देला म्हणे. माईसमोर निंबू कोण कापत नाही? कोणी तिकडं ध्यानही देलं नाही. मंग त्यानं डगळा गंगाळात बुडवला अन् गरगरा फिरवला.

"लाल गई, सफेद आई, पी गई मेरी मरीमाई."

अन् पाणी नितळ झालं. सगळ्यायच्या डोळ्यादेखत. तळाची कल्हई दिसाले लागली. बायायनं पदर पसरले, बाप्यायनं टोप्या काढल्या.

"माईनं रगत पेलं," बुवा म्हणे. "आता तिचा हुकूम आयका. कमेटीच्या इहिरीवर पाय ठेवू नका. खाली हा माईचा डोब हाय, यातलं पाणी न्या."

डोब म्हंजे नाल्यातला खड्डा. त्याच्या वरच्या अंगाले पटकीच्या घरच्या वाकळा धुतल्या जात. पण रगत पेणारी देवी समोर असल्यावर वाकळा कोण पाह्यते?

गर्दीच्या कडेले डफडं बगलेत धरून रामकिसन उभा होता. हा कमेटीचा दवंडीवाला. घरपट्टी भरा, मोकाट ढोरं कोंडवाड्यात जातीन, बाजाराची जागा बदलली, सायेब येणार हाय त अंगण झाडा, सारं याच्याच तोंडून लोकायले समजे. छापलेलं वाचणारे गावात हाताच्या बोटावर. बाकीच्यायले रामकिसन म्हणन तेच सरकार. डफडं वाजलं की गोष्ट खरी, असा वाशीमचा हिशोब. मांगच्याच हप्त्यात त्यानं गल्लीगल्लीत वरडून सांगितलं होतं, की इहिरीत दवाई टाकली हाय, तेच पाणी प्या, नाल्याचं पिऊ नका.

खांद्यावर हात पडला. दौलतराव मेंबर. उपरणं झटकत म्हणाले, "रामकिसन, मार दवंडी. माईच्या डोबाचं पाणी घ्या म्हणून."

"मालक, त्या दिशी त मी उलटं सांगितलं."

"तवा कमेटीनं सांगितलं. आज मी सांगून राह्यलो. मी कमेटीत नाही का?"

"पण डाक्टरसायेब?"

"डाक्टर देते का मले मत? इलेक्शन तोंडावर आलं हाय. हे उभे हायत ना टोप्या काढून, हे देतात मत."

रामकिसननं डफड्याची दोरी गळ्यात टाकली. खरं सांगाचं त त्याले दौलतरावाच्या धाकाची गरजच नव्हती. त्यानं आपल्या डोळ्यानं पायलं होतं. डोळ्यानं पायलेलं खोटं कसं मानावं माणसानं?

त्या दिशी उनाची तिरीप उतरेपर्यंत त्याचं डफडं गावभर वाजलं.

घरी आला त कस्तुरा वाट पाहत होती. ही त्याची एकुलती एक लेक, अनसिंग गावाले देलेली. आखाजीले माहेरी आली होती. मांगच्या पावसाळ्यात तिची माय, तुळसाबाई, गेली. मायच्या नावाची पह्यली घागर आपल्या हातानं भराची म्हणून सासूच्या मिनत्या करून आली होती. कुंभाराकडून घागर आणून तिनं तिच्या गळ्याले सूतही गुंडाळून ठेवलं होतं.

बुटक्या भितीपलीकडून शेजारची जैतुनबी म्हणाली, "बेटी, आंगणातल्याच इहिरीचं भर. रंगच त हाय. तुही माय जिती असती त म्हणली असती, येवढ्या उनाची नाल्यावर नको मरू पोट्टे."

"मौसी, तुमचं अलग हाय. तुमच्यातले पितर थोडीच येतात घागरीवर."

"नाही येत बापा. आमचे तिकडंच खुश हायत. आमी तथी गेलो की मंग भेटतीन."

कस्तुरा हासली. रामकिसनही हासला. मंग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, म्हणाला, "पोरी, जैतुनबी म्हणते त भर ना इथलंच."

"बाबा," कस्तुरा म्हणाली, "आता आता तुमीच त दवंडी देली."

तो हातपाय धुवाले गेला.

आखाजीच्या दिशी तिनं डोबावरून घागर आणली. मायचा फोटो-बिटो काही नव्हता, पाटावर एक सुपारी ठेवली तेच माय. समोर आमरस, पोळी, कुरडई. घागरीतलं पाणी सुपारीवर शिंपडलं, अन् उरलेलं मायचा परसाद म्हणून दिवसभर पेली. रामकिसन कमेटीच्या कचेरीत होता. तथच्या रांजणात इहिरीचंच लाल पाणी असे, तेच त्यानं पेलं. सांजच्याले घरी येऊन तो जेवला, अन् घागर त तवा रिती झाली होती.

दुसऱ्या दिशी सकाळी कस्तुराले ढाळ लागली. मंग उलट्या. तिचे डोळे आत गेले तसा रामकिसन धावत बुवाकडं गेला.

बुवानं डगळा हलवला. "माई खेळून राह्यली तिच्या आंगात. भाग्याची हाय पोट्टी. डाक्टरकडं नेसीन त माई कोपन. पाणी अजिबात देऊ नको."

येऊन त्यानं लेकीचं पाणी बंद केलं. ती मांगत होती. "बाबा, घोटभर." तो दाराकडं तोंड करून बसला. शेवटी जैतुनबी भीत वलांडून आत आली, आपल्या घरचा छकडा जुपाले लावला अन् पोरीले उचलून त्यात टाकलं. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाले. तथी पोचेपर्यंत कस्तुराच्या पायात वांब, म्हंजे गोळे, येऊन येऊन तिचा आवाजही गेला होता.

डाक्टर गोविंदसिंग तरणा माणूस. त्यानं मिठाचं पाणी पाजलं, हाताच्या शिरेत सोडलं, पाय चोळले. दुपार कलाच्या आत कस्तुरा गेली.

रामकिसन भितीले टेकून उभा होता. पह्यला त्याच्या तोंडून राग निंगाला.

"तुमीच केलं हे. तुमी पाण्यात रगत कालवलं, माईचा कोप झाला."

डाक्टरचा मदतनीस पुढं झाला त डाक्टरनं त्याले हातानं थांबवलं. "कोणी सांगितलं तुमाले?"

"कोणी कायले सांगन? मी पायलं. माईनं पेलं ते रगत. लाल पाणी नितळ झालं."

"कसं झालं?"

रामकिसननं सांगितलं. गंगाळ, डगळा, निंबू, मंतर, अन् बुवानं बंद कराले लावलेलं लेकीचं पाणीही. सांगता सांगता तो लेकीच्या पायावरचं लुगडं सारखं करत होता.

डाक्टर आत गेला. काचेच्या गिलासात इहिरीसारखंच लाल पाणी करून आणलं. दुसऱ्या हातात निंबू होतं, रोग्यायच्या सरबतासाठी आणलेल्या टोपलीतलं. त्यानं ते कापलं अन् रामकिसनच्या हातात देलं.

"पिळा."

रामकिसननं पिळलं. गिलासातला रंग मेला. लाल गेलं, गुलाबी गेलं, नितळ झालं.

"मंतर म्हणलात?"

"नाही."

"माई हाय का इथं?"

रामकिसननं गिलासात वाकून पायलं.

"ही दवाई पटकीचं जहर मारते," डाक्टर हळूच म्हणाला. "निंबूचा आंबट रस लागला की तिचा रंग जाते, अन् रंगासंगं तिची ताकदही जाते. एवढीच गोष्ट हाय. पाणी बंद करू नका म्हणून मी साऱ्यायले सांगतो, पटकीत माणूस पाण्यावाचूनच मरते." अन् मंग त्याले समजलं आपण काय बोललो, त त्यानं गिलास खाली ठेवला.

रामकिसननं रिता झालेला निंबू मुठीत धरून ठेवला होता. रस बोटायमधून गळत होता. "घोटभर मांगत होती," तो म्हणाला. कोणाले म्हणाला ते कळलं नाही.

लेकीले आग देऊन आला त्याच्या दुसऱ्या दिशी तो मरीमाईच्या ओट्यावर गेला. डाक्टरले येतो का म्हणून इचारलं होतं. डाक्टर म्हणाला, "मी येतो, पण मांगं उभा राहीन. मी बोललो त कमेटीचा माणूस म्हणतीन. तुमचा आवाज लोकायले ठावं हाय."

गर्दी होतीच. त्या हप्त्यात नाल्याकाठच्या गल्लीत एक घर सुटलं नव्हतं, तरी गर्दी होती. उलट भ्यालेलं माणूस अजून जास्त हात जोडते. दौलतरावही पान चघळत उभे होते.

"सुतक हाय तुले," बुवा वरून म्हणाला. "ओट्यावर चढू नको."

"म्हणूनच खाली बसतो."

तो मातीत बसला. इहिरीच्या लाल पाण्यानं भरलेली कळशी पुढं ठेवली. "डगळा नाही, मंतर नाही. पाहा व मायहो." त्यानं निंबू पिळलं अन् हातानं ढवळलं. पाणी नितळ झालं. पुढच्या बाया वाकून पाहाले लागल्या.

मंग त्यानं दुसरी लाल कळशी ठेवली. "बुवा, आता तुमचा डगळा द्या. पण मी तो धुवून घेतो. निंबू पिळाचं नाही."

"माईचा डगळा मानसाच्या हातात जात नसते."

जैतुनबीनं जवळच्या कडुनिंबाचा डगळा तोडून आणला. "हा त कोणाच्या बापाचा नाही. घे."

रामकिसननं तो कळशीत फिरवला. पाणी लाल ते लालच. त्यानं फिरवत ठेवला, फिरवत ठेवला. लाल ते लालच.

"तुह्यात भक्ती नाही," बुवा म्हणाला. "माई कोपन तुह्यावर."

"आता अजून काय घेईन बुवा ती माह्यापासून?"

रामकिसननं डोबातून ओंजळभर पाणी आणलं अन् बुवासमोर धरलं. "हे तुमी प्या."

"आज उपास हाय माहा. पाण्याचाही."

गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "काल त माह्या घरचं कोंबडं हाणलं. आज सकाळच्याले उरलेलं खाऊन तांब्याभर पाणीही पेला."

कोणाले हासू आलं नाही. एक बाई खाली बसली अन् पदर तोंडात घालून रडाले लागली. तिचं लेकरू आदल्या दिशी गेलं होतं. बुवा ओट्याच्या मांगच्या अंगानं कवा उतरला, कोठी गेला, लोकायले समजलं तवा त्याचं गंगाळ तेवढं उरलं होतं. त्याच्या मांगं धावण्याची कोणात ताकद नव्हती. तसंही धावून काय करता?

रामकिसननं डफडं गळ्यात टाकलं.

"कोणी सांगितलं तुले?" दौलतराव पुढं आले. "कमेटीचा हुकूम नाही. डफडं कमेटीचं हाय. काढून टाकीन."

"काढा मालक. ही एवढी दवंडी झाली की डफडं कचेरीत आणून ठेवतो."

अन् तो निंगाला. उन्हात, अनवाणी, नाल्याकाठच्या गल्लीपासून. कोणी त्याले बोल लावला नाही. तुह्यामुळं आमचं माणूस गेलं असं कोणी म्हणलं असतं त त्याले बरं वाटलं असतं. दारादारातून लोक त्याच्याकडं नुसते पाहत होते, अन् त्यातलं कोण आपल्या दवंडीनं डोबावर गेलं होतं ते त्याले तोंडपाठ होतं.

"आयका हो आयका. हे कमेटीचं बोलणं नाही, रामकिसनचं हाय. इहिरीतलं लाल पाणी रगत नोहे, दवाई हाय. निंबू पिळलं की तिचा रंग जाते. देवी पेत नाही, भूत पेत नाही. मी सांगतो म्हणून मानू नका. मांगंही मीच सांगितलं होतं. घरी निंबू असन त पिळा, डोळ्यानं पाहा, अन् डोळ्यानं पायल्यावरही इचारा की हे कसं झालं. मी तेवढं इचारलं नाही. माही कस्तुरा गेली. डोबाचं पाणी सांडून द्या. कोणाले ढाळ लागली त त्याचं पाणी तोडू नका, मिठाचं पाणी पाजा अन् दवाखान्यात न्या. पितर तहानले असतीन त थांबतीन. ते आता पुन्हा मरत नाहीत. लेकरं मरतात."

शेवटच्या गल्लीत एक नवी सून डोबावरून भरलेली घागर घेऊन येत होती. रामकिसनचं बोलणं तिनं उभ्यानं आयकलं. मंग घागर उतरवली, नालीत उपडी केली, राखेनं आतून घासघास घासली, अन् इहिरीच्या वाटेले लागली.

रामकिसन ती इहिरीकडं वळेपर्यंत तथी उभा राह्यला.