खडू पोचवणारी मुलं

"शाळेत मला ओळख दाखवायची नाहीस," ठकू म्हणाली.

आईच्या तोंडात पिना होत्या आणि हातात लेकीची अर्धी वेणी. त्यामुळे तिला लगेच काही बोलता आलं नाही. तेवढ्या वेळात ठकूने बाकीच्या अटीही सांगून टाकल्या. हाक मारायची नाही. हसायचं नाही. डबा संपवलास का, असं विचारायचं नाही. आणि ठकू हे नाव तर शाळेच्या फाटकाच्या आत चुकूनही काढायचं नाही.

"पडलीस तर?" पिना काढून आईने विचारलं.

"तरी नाही."

"रक्त आलं तर?"

ठकूने थोडा विचार केला. "थोडंसंच आलं तर नाही."

बाप दारात बसून बूट घालत होता. त्याला टेंपो घेऊन निघायचं होतं, पण असली मजा सोडून त्याचा पाय निघेना. "कबूल करून टाक बाई," तो म्हणाला. "नाहीतर ही कोर्टात खेचेल."

आईने कबूल केलं. फक्त रिबिनीची गाठ रोजच्यापेक्षा जरा घट्ट बसली.

ठकूचा त्या दिवशी माध्यमिक शाळेतला पहिला दिवस होता आणि आई त्याच शाळेत कामाला होती. वर्ग उघडणं, झाडणं, पाणी भरणं, पडलेल्या पोराच्या गुडघ्याला औषध लावणं, सगळं तिच्याकडे. सगळी शाळा तिला मावशी म्हणायची. मुख्याध्यापक तिच्याहून वयाने चांगले मोठे होते, पण तेही मावशीच म्हणायचे.

मावशी मुळात जरा तंद्रीत जगणारी बाई. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती लांबलचक व्हरांडे झाडायची, तेव्हा खांबांच्या मधून उन्हाचे तुकडे आत आलेले असायचे. अशा एखाद्या तुकड्यापाशी तिचा झाडू थांबायचा. उन्हात खडूची धूळ तरंगताना दिसायची. यातली कालच्या गणिताची कुठली आणि परवाच्या भूगोलाची कुठली, असलं काहीबाही तिच्या मनात यायचं. मग खालून घंटेवाले काका ओरडायचे, "मावशी, लागली का समाधी?" आणि झाडू पुढे सरकायचा.

पण नव्या वर्षाचे पहिले आठवडे आले की ही बाई खडबडून जागी व्हायची. लहान शाळेतून आलेल्या पोरांना एक वर्ग, एक बाई आणि एक खिडकी यांची सवय. इथे तास बदलला की वर्ग बदलायचा. विज्ञान खाली, चित्रकला वर, भाषा पार पलीकडच्या अंगाला. त्यात इमारत अशी, की दोन्ही टोकांना सारखेच जिने आणि दोन्हीकडे सारखीच हिरवी दारं. कुणीतरी अर्धीच इमारत काढून कागद मधोमध दुमडला असावा. घंटा झाली की मोठी मुलं भराभर निघून जायची आणि व्हरांड्यात ही नवी पोरं उरायची, पुस्तकं छातीशी धरून, झोपेत चालल्यासारखी.

हरवलेलं पोर कधी विचारत नाही. "हरवलीस का गं?" म्हटलं तर मान ताठ करून नाही म्हणतं आणि वळणापलीकडे जाऊन रडतं. म्हणून मावशी विचारायचीच नाही. निळ्या कोटाचे खिसे खडूंनी भरून ती जिन्याच्या वळणावर उभी राहायची. भांबावलेलं पोर दिसलं की त्याच्या हातातलं पुस्तक बघायची आणि म्हणायची, "बाळ, विज्ञानाच्या वर्गात एवढे खडू पोचवशील का? डावीकडचं शेवटचं दार."

हातात खडू आले की पोराची चाल बदलायची. आता ते हरवलेलं नसायचं, कामावर निघालेलं असायचं. उशीर झाला म्हणून कुणी रागावलं तर दाखवायला हातात काहीतरी असायचं. विज्ञानाच्या बाईंकडे दर वर्षी या दिवसांत इतके खडू साठायचे की त्या म्हणायच्या, "मावशी, दुकान काढू का मी आता?" पण खडू परत पाठवायच्या नाहीत.

या सगळ्या मुलांत आता ठकू होती.

मावशी शब्दाची पक्की. नुसतं आपण पाळून भागणार नाही, म्हणून तिने पहिल्याच सकाळी घंटेवाल्या काकांना बाजूला घेतलं, वाचनालयाच्या बाईंना गाठलं, ऑफिसातल्या कारकुनालाही सांगितलं. "माझी पोर येतेय. लांब वेणी, लाल रिबीन. तिला ओळख दाखवू नका. तिला शब्द दिलाय मी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीने कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते एवढंसं. ते मनापासून पाळायचं असं जो तो ठरवून बसला.

पहिल्या दिवशी लाल रिबीन जिना चढून आली. मावशीने जिन्याच्या कठड्यावर नजर लावली आणि नसलेला डाग पुसायला घेतला. रिबीन शेजारून गेली. बुटाची नाडी सुटलेली होती. मावशीने तो कठडा इतका घासला की पुढे कितीतरी दिवस तो बाकीच्या कठड्यांहून वेगळा चमकत होता.

घरी तिने विचारलं, "कशी आहे शाळा?"

"छान," ठकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही छान. पुढच्या आठवड्यातही छान. आईला खरं तर वाईट वाटत होतं. आपल्या निळ्या कोटाची पोरीला लाज वाटते, हे तिने स्वतःशी कबूलही केलं होतं. कोट स्वच्छ धुवायचा, खिसे शिवायचे, आणखी काय करणार? त्या दिवसांत तिला एक स्वप्न सारखं पडायचं. शाळा पाण्याने भरलेली आहे, निवळशंख पाण्याने. मुलं जिन्यांवरून हळूहळू तरंगत चालली आहेत, वेण्या मागे लांब सुटलेल्या, आणि ती वळणावर उभी राहून प्रत्येकाच्या हातात खडू देते आहे. खडू पाण्यात विरघळत नाहीत. मग लाल रिबीन येते. ती हात पुढे करते, तर खिसा रिकामा.

एका दुपारी तास सुरू झाल्यावर मावशी पलीकडच्या जिन्याकडे बादली घेऊन गेली. तो जिना एरवी ओसच असायचा. वरच्या झरोक्यातून ऊन थेट मधल्या पायऱ्यांवर पडलं होतं, आणि त्या उन्हात ठकू गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

मावशीने बादली आवाज न करता खाली ठेवली. हाक ओठांवर आली होती, ती तिने गिळली. शब्द म्हणजे शब्द. दोन पायऱ्या खाली बसून तिने विचारलं, "कुठल्या वर्गातली गं तू, बाळ?"

ठकूने वर बघितलं. नाक लाल झालं होतं. आजूबाजूला कुणीच नव्हतं. करार मोडायला याहून चांगली जागा मिळाली नसती. पण समोरची बाई परक्या पोरीकडे बघावं तशी बघत होती, हसतही नव्हती, आणि ठकूला काय वाटलं कोण जाणे.

"पाचवीतली," ती म्हणाली. "क तुकडी."

"मग तास नाही का आता?"

"चित्रकलेचा आहे. वर्ग सापडत नाही. कालपण सापडला नव्हता."

"विचारायचं कुणाला तरी."

"विचारलं." ठकूने बाहीने नाक पुसलं. एरवी यासाठी तिला बोलणी बसली असती. "ते घंटेवाले काका सगळ्यांची चेष्टा करतात. मी गेले की भिंतीकडे तोंड करून शिट्टी वाजवत बसतात. वाचनालयाच्या बाई सगळ्यांना पुस्तक काढून देतात, माझ्या वेळी खाली बघतात. मला वाटतं मी कुणाला दिसतच नाही या शाळेत."

मावशीचे कान तापले. सगळ्यांनी तिचा शब्द इतका इमानाने पाळला होता की पोरीभोवती भिंतच उभी राहिली होती. आणि तिची पहिली वीट तिने स्वतःच्या हाताने ठेवली होती.

"घरी सांगितलंस?"

"नाही. आई रोज विचारते. मी छान म्हणते."

"काय करते आई?"

ठकू बुटाच्या नाडीशी खेळत राहिली. "इथेच असते. मीच सांगितलंय तिला, मला ओळख दाखवू नको म्हणून."

घरी हा प्रश्न आईला कधी विचारता आला नसता. पण परक्या बाईला काय, कुणालाही काहीही विचारता येतं. "लाज वाटते का तिची?"

"थोडी," ठकू म्हणाली. नाडी बोटाभोवती गुंडाळत पुढे म्हणाली, "मग लाज वाटली म्हणून परत लाज वाटते." आणि मग नळ सुटल्यासारखं, "पण तेवढंच नाही. ती इथे सगळ्यांना खडू देते. सगळ्यांना बाळ म्हणते. घरी ती मला एकटीलाच ठकू म्हणते. मी इथे तिच्याकडे गेले असते तर मी पण सगळ्यांतलीच एक झाले असते."

मावशीला पोरीला तिथल्या तिथे कुशीत ओढावंसं वाटलं. हात उचललाच होता तिने. तो कोटाच्या खिशात घातला. खिशात खडू होते.

"मला विचारशील तर," खडू चाचपत ती म्हणाली, "सगळ्यांतलं एक होणं काही इतकं वाईट नसतं. शाळेत तरी."

ठकूने परत बाहीने नाक पुसलं.

"बरं, माझं एक काम करशील? चित्रकलेच्या वर्गात एवढे खडू पोचवायचेत. मला ही बादली न्यायचीय."

ठकूने खडूंकडे बघितलं, मग बाईकडे. या खडूंचं गुपित शाळेत तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? लहानपणापासून घरी ऐकत आली होती. तरी तिने ओंजळ पुढे केली.

"डावीकडे ना?"

"उजवीकडे. या जिन्याने आलं की सगळं उलटं होतं."

ठकू उठली. दोन पायऱ्या चढली, थांबली, वाकून नाडी बांधली आणि निघाली. चाल बदलली होती. तिने एकदाही वळून बघितलं नाही. मावशीला तेच हवं होतं आणि तेच नको होतं. ती बराच वेळ त्या उन्हात बसून राहिली.

संध्याकाळी तिने विचारलं, "कशी होती शाळा?"

"बरी होती," ठकू म्हणाली.

छानवरून गाडी बरीवर आली, म्हणजे आता खरी गोष्ट सुरू झाली. आईला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा एकेकाला भेटली. "आता बास. इतरांसारखीच धरा तिला. ना जास्त, ना कमी." घंटेवाल्या काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "शिट्ट्या वाजवून गाल दुखले माझे," ते म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी ठकूला विचारलं, ही वेणी घंटेला बांधायला देतेस का, दोरी तुटायला आलीये. ठकू खुदकन हसली. मावशीने ते वरून ऐकलं आणि खाली डोकावायचं टाळलं.

मग दिवस सरकत गेले. पोरं सरावली. व्हरांड्यातली झोपाळू पावलं धावायला लागली, धावायची ती आपटायला लागली. खडूंचे खिसे हलके झाले. लाल रिबिनीच्या शेजारी आता एक ताडमाड उंच मुलगी दिसायची. दोघी जिन्यावर सगळ्यांची वाट अडवून बोलत उभ्या राहायच्या. असल्या पोरींना मावशी एरवी हाकलायची. यांनाही हाकललं. इतरांसारखंच.

एकदा त्या दोघी धापा टाकत वळणावर आल्या. उंच मुलगी मागे, ठकू पुढे.

"मावशी, आमच्या वर्गातले खडू संपले," ठकू म्हणाली. "लवकर द्या ना, बाई थांबल्यात."

ती अडखळली नाही की लाजली नाही. नजरही चुकवली नाही. द्या ना, ती म्हणाली. जन्मल्यापासून तिने आईला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"घे बाळ," मावशी म्हणाली.

ओंजळ भरून घेऊन दोघी पळाल्या. उंच मुलगी काहीतरी म्हणाली आणि दोघींचं हसणं व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिलं. मावशीने झाडू हातात घेतला. उन्हाच्या तुकड्यात धूळ तरंगत होती. खालून हाक आली, "लागली का समाधी?" तिने झाडू पुढे सरकवला. काम फत्ते झालं होतं. दर वर्षी झालं की तिला आनंद व्हायचा, आताही होत होता. फक्त आज त्यात तिचं स्वतःचंही थोडं काहीतरी गेलं होतं.

त्या संध्याकाळी ठकू पुस्तकावरच डोकं टेकून पेंगली. दिवसभर खेळून दमली होती. रिबीन सुटून लोंबत होती. आई शेजारी बसून कोटाचे खिसे उलटे करून झटकत होती. पांढरी धूळ दिव्याच्या उजेडात हळूहळू खाली बसत होती. बाप नुकताच येऊन हातपाय धूत होता.

ठकूने झोपेतच कूस बदलली. ओठ सुकले होते.

"मावशी," ती डोळे मिटूनच म्हणाली, "पाणी द्या ना."

आईचा हात खिशावर तसाच राहिला. मग ती उठली, माठातलं पाणी घेतलं, लेकीच्या मानेखाली हात घालून भांडं तोंडाशी धरलं. ठकू घटाघट प्यायली आणि परत झोपली.

"काय म्हणत होती?" टॉवेलने तोंड पुसत बापाने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि भांडं विसळून पालथं घातलं. "पाणी मागत होती."