बागेतली अबोली

हितेंद्र कॉटवर पाठमोरा पडला होता. नवरा झोपला असावा असं धरून आकांक्षानं स्वयंपाकघराचा पडदा ओढला आणि ओट्याशी उभ्यानंच फोनवरचा खेळ उघडला.

वरवर पाहणाऱ्याला तो नुसता बागेचा खेळ होता. रोपं लावायची, पाणी घालायचं. विहिरीपलीकडे मात्र एक अंगण होतं; झारी दाबली की ते मिटायचं. परळच्या एका संस्थेनं ते घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी केलं होतं. तिथं प्रत्येकीची एक बाहुली, तिला फुलाचं नाव, आणि लिहिलेलं तिच्या डोक्यावर उमटायचं. कुणा एकीवर संशय नको म्हणून संस्थेच्या शांताताईंनी लालबागच्या महिला मंडळात सगळ्यांच्याच फोनमध्ये खेळ घालून दिला होता.

आज अंगणात एकटीच नवी बाहुली बसली होती. नाव अबोली.

"तू रोज येतेस?" अबोलीनं विचारलं.

"जमेल तशी," आकांक्षानं लिहिलं. इथं ती गुलबक्षी होती.

मग एकेक शब्द उमटत गेला.

"काल आमटी अळणी झाली. त्यानं वाटी भिरकावली. तिच्या कानाला लागली."

आकांक्षाचा हात कानामागच्या सुजेवर गेला. कालची वाटी घराबाहेर कुणालाच माहीत नव्हती. हितेंद्र तिचा फोन तपासायचा. म्हणजे त्याला अंगण सापडलं होतं, आणि आता तोच तिच्याकडून वदवून घेत होता.

तिनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. तो कुशीवर वळला होता आणि त्याच्या हातात फोन होता. तिनं ओटा धरला. खेळ पुसून टाकला तर तोही पुरावाच.

"कोण तुम्ही?" तिनं लिहिलं.

तेवढ्यात हितेंद्रचा फोन हातातून गादीवर निसटला. तो घोरत होता. आणि तरीही अंगणात शब्द उमटले.

"त्याची आई. मी समोर बसून जेवत राहिले. भीती वाटते गं त्याची."

आकांक्षानं पडदा सारला. दारात तिच्या सासूबाई राधाबाई मेथी निवडायला बसल्या होत्या. फोन मांडीवर होता. बोट अक्षरं शोधत होतं.

"आई, काय बडवतेयस त्या फोनवर?" पडदा सरकल्याच्या आवाजानं हितेंद्र उठून बसला होता. त्यानं हात पुढे केला. "बघू."

राधाबाई हलल्याच नाहीत.

आकांक्षा झटकन पुढे झाली. "बागेचा खेळ आहे. मंडळात सगळ्याच खेळतात." बोलता बोलता तिनं सासूबाईंच्या फोनवर कोपऱ्यातल्या झारीवर बोट टेकवलं. अंगण मिटलं. झेंडूची रोपं तेवढी उरली.

हितेंद्रनं फोन वरखाली करून पाहिला.

"या वयात हे सुचतंय," म्हणत त्यानं तो कॉटवर टाकला आणि टॉवेल घेऊन गॅलरीच्या टोकाच्या न्हाणीकडे गेला.

राधाबाई सुनेच्या बोटाकडे पाहत होत्या.

"झारी दाबल्यार मिटता, ता तुका कसा ठावक?"

आकांक्षानं आपला फोन त्यांच्यापुढे धरला. अंगणात गुलबक्षी बसली होती.

राधाबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. त्यांनी दार ओढून घेतलं. आतून कडी घातली.

"शांताताईक फोन लाव," त्या म्हणाल्या.

गॅलरीतून हितेंद्रच्या चपलांचा आवाज जवळ येऊ लागला. आकांक्षा नंबर शोधत होती.