शेवटच्या रांगेची गार फरशी

मी गालिचा बोलतोय. पण मला एकटा समजू नका. टायरच्या दुकानावरच्या लांबट खोलीत मी पसरलेला असतो आणि माझ्या अंगात अख्ख्या खंडाचे धागे आहेत.

इथल्या कारखान्यांत कामाला कुठकुठून मुसलमान आले. कुणी बर्फाळ डोंगरांतले, कुणी वाळवंटातले, कुणी बेटांवरचे. एकाची बोली दुसऱ्याला कळेल तर शपथ. नमाजासाठी खोली मिळाली, पण अंथरायला काही नव्हतं. मग ज्यानं त्यानं आपल्या मुलखातून एकेक पट्टा मागवला. जाड-पातळ, लोकर-सूत, सगळ्यांचं एकमेकांशी जमवलं ते रफू करणाऱ्या खालानं, सगळ्यांच्या मावशीनं.

"माणसं जोडण्यापेक्षा हे सोपं," ती सुईत दोरा ओवत म्हणायची. प्रत्यक्षात दोन्ही कामं तीच करत होती.

एका हिवाळ्यात अवकाळी पावसानं नदी फुगली. खालच्या गल्लीत छातीभर पाणी शिरलं. आमच्यातल्या एका ट्रकवाल्यानं आणि एका वेल्डरनं शेजाऱ्यांना पाठुंगळीला घेऊन वर आणलं. त्यांतले बरेच आमच्या धर्माचे नव्हते. पोरं कुडकुडत होती, पांघरुणं पुरेनात.

खाला कात्री घेऊन माझ्यापाशी बसली.

"खाला, नमाजाचा गालिचा आहे तो," इमामसाहेब हळूच म्हणाले.

"नमाज फरशीवरही पढता येईल. पोर फरशीवर गारठेल."

ते बाह्या सारून तिच्याशेजारी बसले. "आणा ती कात्री. टाके मी उसवतो, तुम्ही पट्टे वाटा."

दुखलं, खोटं कशाला बोलू? पण माझ्या एकेका पट्ट्यात एकेक घर गुरफटून झोपलं आणि मला मी पहिल्यांदाच मोठा वाटलो.

पाणी ओसरल्यावर पट्टे धुऊन, वाळवून परत आले. एकच राहिला. समोरच्या घरातल्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या पोस्टमनखाली तो घातला होता. त्याची बायको संकोचत तो घेऊन आली, तेव्हा खालानं तिला जिन्यातूनच माघारी धाडलं.

"भाऊंना ऊब मिळतेय ना? मग असू दे. त्यांना पाठ टेकायचीय, आम्हाला नुसतं डोकं."

खालानं मला पुन्हा शिवलं. आता मी एका पट्ट्यानं आखूड आहे, शेवटच्या रांगेला गार फरशी लागते. तरी तिथं उभं राहायला रोज चढाओढ. नमाज पढवायला इमामसाहेबांना सगळ्यांच्या पुढं उभं राहावं लागतं, एवढीच त्यांची कुरकुर.

एवढंच मागणं आहे: कुणी नवा पट्टा आणू नका.