वाचल्याची पावती

"ताई, मेल वाचल्याची पावती आलीय ना तुम्हाला? मग वाचलीच असणार त्यांनी. आम्ही आणखी काय करू?" जहाज कंपनीतल्या मुलीनं फोन ठेवला.

हर्षला कळंबच्या रिसॉर्टमध्ये काउंटरवर होती. तिचा धाकटा भाऊ सिद्धांत मालवाहू जहाजावर. या फेरीत जहाजावरचं नेट बंद होतं. निरोप धाडायचा तर जहाजाच्या मेलवर. आईला लिव्हरचा आजार निघाला, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा तिनं लिहिलं, 'असशील तिथून फोन कर.' जेवणाच्या सुट्टीतच पावती आली : वाचली.

फोन मात्र आला नाही. रोज ती पावती उघडून बघायची आणि तिच्या डोक्यात तिडीक जायची. एवढं वाचून हा गप्प बसूच कसा शकतो?

आई, सुंदराबाई, संध्याकाळी विचारायची. हर्षलाला खोटं बोलायची गरजच नव्हती.

"वाचलंय त्यानं."

"वाचलं ना? मंग बास. कामात असंल गं."

एवढ्यावर आई निवांत झोपायची. हर्षलाला त्याचाही राग यायचा.

आई गेली. चुलत्यानं अग्नी दिला. हर्षलानं पुन्हा मेल केली, एका ओळीची. तिचीही पावती आली. त्यानंतर तिनं लिहिणं सोडलं. भाऊ आपल्यापुरता संपला, असं तिनं चुलतीला सांगून टाकलं.

तेराव्यानंतर परदेशातल्या नंबरवरून फोन आला. मागं जहाजावरच्या पोरांच्या हसण्याचा आवाज.

"हर्षू, बंदराला लागलो बघ. पयला फोन तुलाच. आईला दे."

"आता आठवली आई? दोन मेल वाचून गप्प बसलास."

"कसल्या मेल? मला कुनी कायच दिलं नाय."

"पावती आली मला. दोन्हींची."

"अगं, ती हितला कम्प्युटर आपोआप धाडतो. मेल आली की लगेच. मानसानं उघडली नाय तरी." तो हसला. "काय लिवलं व्हतंस? भांडलीस का माझ्याशी?"

इतके दिवस पाठ करून ठेवलेलं एकही वाक्य तिला आठवेना. ओटीवर आईची खाट भिंतीला उभी लावलेली होती.

"सिद्धांत, जवळ कोन हाय तुझ्या?"

"हायेत की पोरं. का गं?"

"त्यांच्याजवळच थांब," ती म्हणाली. "आनि खाली बस."