खाकी कागदाचे दोन खांदे

निर्मळ गावातलं भाड्याचं घर सोडून विरारच्या फ्लॅटवर जायचं होतं, म्हणून उन्नती पेटी आवरत होती. तळाशी खाकी कागदाचे दोन तुकडे निघाले. एकावर लिहिलं होतं ‘उजवा’, दुसऱ्यावर ‘डावा’. तुकडे हातात घेऊन ती तिथंच बसली.

सत्त्याण्णव साली ती सहावीत होती. शाळेचा फ्रॉक डाव्या खांद्यावर चढायचा, गळ्याशी चुणी पडायची. आई, आशालता, पाठीत चापट मारायची. “सरळ उभी राहा! दप्तर एकाच खांद्यावर अडकवतेस, त्याचं हे.” उन्नती सरळच उभी असायची, पण ते कुणाला पटायचं नाही. कवायतीत डावा हात कानापर्यंत जाईना, तर सर ‘महाराणी’ म्हणायचे.

तिसऱ्यांदा फ्रॉक उसवायला मायलेकी शेजारच्या पॉलिनबाईंकडे गेल्या. त्या शिवणकाम करायच्या, इतरांसारखंच: एका खांद्याचं माप घ्यायचं, कापडाची घडी घालायची आणि दोन्ही बाजू एकदम कापायच्या.

“बाई, तुमची कात्री वाकडी झाली की काय?” आशालतानं हसत टोमणा मारला.

“वीस वर्षांत माझ्या कात्रीला कुणी नावं ठेवली नाहीत, ताई. ये गं बाय, भिंतीला पाठ लाव.”

या वेळी त्यांनी दोन्ही खांदे मोजले. पुन्हा मोजले. पाठ हळूच चाचपली. मग टेप गळ्यात टाकून म्हणाल्या, “पोरगी सरळच उभी आहे. खांद्याचं हाडच डावीकडे दीड इंच वर आहे. चूक माझी, मी एकच बाजू मोजत आले.”

उन्नतीला रडूच कोसळलं.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून समजावलं. बाळ पोटात असताना खांद्याचं पातं मानेजवळ तयार होतं आणि मग खाली उतरतं. हिचं डावं अर्ध्या वाटेतच राहिलं होतं. एका जादा हाडानं ते मानेच्या मणक्याला जखडलं होतं. ऑपरेशनचं वय उलटून गेलं होतं.

त्या संध्याकाळी, जिथं चापट बसायची तिथं आईनं हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. पॉलिनबाईंनी दुसऱ्याच दिवशी दोन खांद्यांच्या मापाचे दोन वेगळे खाकी कागद कापले.

“अगं, टेम्पो आला!” दारातून आई ओरडली. “आणि बसलीस काय अशी? जरा सरळ...” ती मध्येच थांबली.

“सरळच बसलेय गं,” उन्नती हसली आणि तिनं दोन्ही कागद पर्समध्ये ठेवले.