मार खाण्यासाठी शिवलेला लोड

मित्रांनो, मला शिवलंच मुळी मार खाण्यासाठी. माझ्या जातीचे बाकीचे लोड बैठकीत भिंतीशी बसतात. पाहुणे त्यांच्यावर रेलतात, चहा सांडतात आणि वर "किती मऊ आहे हो" असंही म्हणतात. माझ्यावर आजवर कुणी सुखाने रेललं नाही. मी जाड कॅनव्हासचा, आता ठिकठिकाणी ठिगळं लागलेला एक जुना लोड आहे. पोट एखाद्या खाऊनपिऊन सुखी व्यापाऱ्याएवढं, आणि मनात राग मात्र पन्नास माणसांचा. तो माझ्यात कसा भरला गेला, ते आज सांगतो.

माझा जन्म एका बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात झाला. छपराखालचा मोठा तलाव, पाणी कधीच काढून टाकलेलं. सीमेपलीकडे लढाई पेटली आणि घरंदारं सोडून पळालेली माणसं इथे आणून ठेवली. कपडे बदलायच्या खोल्यांत बायकामुलं, तलावाच्या कोरड्या पोटात पुरुषमंडळी. जिकडेतिकडे निळ्या फरश्या, त्यामुळे बारीकसा आवाजसुद्धा घुमायचा. कुणाच्या हातून पातेलं पडलं की सगळेच्या सगळे डोक्यावर हात घेऊन खाली बसायचे. मग कोपऱ्यातून कुणीतरी ओरडायचं, "पातेलं होतं रे, पातेलं!" सगळे उठायचे आणि पुढचा बराच वेळ एकमेकांच्या नजरा चुकवायचे.

या माणसांसाठी तिघंजण स्वतःची कामं बाजूला ठेवून आपणहून यायची. एक मनाच्या डॉक्टरबाई. दुसरा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. त्याला प्रत्येक दारातून वाकून यावं लागे, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. आणि तिसरे चक्क दातांचे डॉक्टर. ते आले तेव्हा लंबू हसला होता. "डॉक्टर, इथे मनं मोडलीत हो, दात नाही."

दातवाले कामाला लागले. दिवसभर एकेकाचं तोंड उघडून बघत राहिले आणि मग डॉक्टरबाईंना म्हणाले, "सगळ्यांच्या दाढा झिजल्यात. झोपेत करकरा दात खातात ही माणसं. तुम्ही यांना श्वास सावकाश घ्या म्हणता, आणि यांना कुणाला तरी फाडून खायचंय. मारायला काहीतरी द्या यांना."

"नुसतं मारून राग जात नाही, चटक लागते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण मारलं की बसायचं, आणि कुणाला मारलं ते सांगायचं. एवढी अट असेल तर चालेल."

त्या अटीसह मी जन्माला आलो.

मला शिवलं टेलरताईंनी. त्याही पळून आलेल्यांपैकीच. तिशीतल्या, बोलायला तिखट, आणि दोऱ्याला गाठ मारताना ओठ घट्ट मिटून घेणाऱ्या. तलावावर पसरायचं जुनं कॅनव्हास त्यांनी कापलं आणि लोकांनी दान केलेल्या कपड्यांतले अगदीच निकामी ते माझ्यात कोंबले. काय काय दान करतात लोक, मित्रांनो! टिकल्यांचं जाकीट, एकाच पायाचे चार मोजे, पोहण्याचे पोशाख. "यांना वाटलं, आम्ही सहलीला आलोय," टेलरताई म्हणाल्या आणि ते सगळं माझ्या पोटात ठासलं. मग दाभण आणि सुतळी घेऊन दुहेरी टाके घातले.

लंबू म्हणाला, "ताई, इतकं घट्ट कशाला?"

"फाटायला नको. मला पुष्कळ मारायचंय."

मला जुन्या तिकीटखोलीत ठेवलं. माझं काम सुरू झालं आणि माझं नावही झालं. एक आजोबा प्रत्येक गुद्द्यानंतर माझी माफी मागायचे. एक लहान मुलगी मला मारायलाच तयार नव्हती, ती मला थोपटायची आणि म्हणायची, "झोप आता, कुणी येणार नाही." एक सूनबाई मात्र मला असं बदडायची की धूळ उडायची. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कोण होतं? शिपाई?" ती म्हणाली, "नाही हो, सासूबाई. पलीकडच्याच खोलीत आहेत, हळू बोला." पाहणीला आलेल्या साहेबलोकांनी माझे फोटो काढले. एकाने तर मला टिचकी मारून पाहिली आणि "उत्तम उपक्रम" म्हणाला. त्याला उलटून एक ठेवून द्यावी असं मला फार वाटलं, पण मला हात नाहीत.

असं वाटायचं कारण, एव्हाना मी बदललो होतो. दर गुद्द्याबरोबर कुणाचं तरी नाव माझ्यात शिरायचं: घर जाळणारा, म्हातारीला रस्त्यावर ढकलणारा, कुत्र्यालाही न सोडणारा. मारणारी माणसं बोलून थोडी हलकी होऊन जायची, आणि मी जड होत जायचो. एकेकाला शोधून काढावं आणि त्याच्या छातीवर जाऊन बसावं, एवढीच माझी इच्छा उरली होती.

टेलरताई सगळ्यात वेगळ्या मारायच्या. आरडाओरडा नाही, रडणं नाही. मूठ वळून एकाच जागी, पुन्हा पुन्हा. मग बसायच्या आणि एकच शब्द बोलायच्या. "गवंडी."

माझी ठिगळं शिवताना त्या एकट्याच पुटपुटायच्या, त्यातून मला बाकीचं कळलं. हा गवंडी त्यांच्या गल्लीतला, घरोब्यातला. लहानपणापासून त्या त्याला गवंडीकाका म्हणायच्या. शिपाई घराघरांतून तरुण मुलांना उचलून नेऊ लागले, तेव्हा टेलरताईंच्या धाकट्या भावासाठी त्यानेच कोठीच्या खोलीत एक खोटी भिंत बांधली. मागे माणूस बसेल एवढीच जागा. बाहेरून जुना रंग दिला, वर मुद्दाम डागही पाडला. आणि ज्या दिवशी शिपाई आले, त्या दिवशी त्यांच्याबरोबर आत येऊन त्याच गवंड्याने बोट केलं. "इथे." टेलरताई चुलीजवळ उभ्या होत्या. त्यांनी ते बोट पाहिलं. शिपायांनी भावाला अंगणात नेलं. अंगणातलं मी तुम्हाला सांगणार नाही, त्यांनीही कुणाला सांगितलेलं नाही.

एके दिवशी नवी माणसं तलावात आली. त्यांच्यात एक वाकलेला माणूस होता. उजवा हात सारखा थरथरायचा, जेवण तोंडाशी न्यायचा आणि परत ठेवायचा. लंबूने त्याची विचारपूस केली आणि खुशीत डॉक्टरबाईंकडे धावला.

"बाई, हा आपल्या टेलरताईंच्या गल्लीतला निघाला! दोघांना एकाच गटात बसवू या ना. आपलं माणूस भेटलं की धीर येतो."

"बसवू या," डॉक्टरबाई म्हणाल्या. इतर गटांत असं केल्याने माणसं खुललेली त्यांनी पाहिली होती. टेलरताईंनी गवंडी हा शब्द शंभरदा उच्चारला होता, पण या वाकलेल्या माणसाने धंदा विचारल्यावर "काही नाही" एवढंच सांगितलं होतं. चांगल्या मनाची माणसं चुकतात तीसुद्धा अशी चांगल्या मनानेच.

गट बसला. गोलात खुर्च्या, मधे मी. टेलरताई आत आल्या, त्यांनी त्याला पाहिलं, आणि शांतपणे रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्याने मान वर केली नाही. लंबूने हसून विचारलं, "ओळखलंत का?" टेलरताई म्हणाल्या, "ओळखलं तर."

त्या दिवसापासून मला उभा धरण्याचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं. कुणी मारायला लागलं की मी घसरायचो, म्हणून एकजण मागून धरायचा. आणि पुढच्या बैठकीआधी, माझं ठिगळ नीट करायच्या निमित्ताने, त्यांनी माझी एक शिवण उसवली, कापड कापायची लांब कात्री माझ्या पोटात सरकवली आणि वरून दोन सैल टाके घातले. मारायला माणूस माझ्यासमोर गुडघ्यावर बसतो. त्याची मान आणि मला धरणारीचा हात यांत वितीएवढंच अंतर असतं.

मित्रांनो, मी घाबरलो असेन असं तुम्हाला वाटेल. मी खूश झालो. इतके दिवस नुसती नावं पोटात घेऊन बसलो होतो, आज पहिल्यांदा दात मिळाले होते.

गवंड्याची पाळी आली.

"मारायचं असेल तर मारा, नाहीतर नुसते बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तो गुडघ्यांवर बसला. हात उगारलाच नाही. थरथरता तळवा त्याने माझ्या पोटावर ठेवला आणि तिथेच थांबला. आयुष्यभर भिंती चाचपलेला हात तो. आतलं कठीण त्याला लागलं. त्याने बोटांनी लांबी पाहिली, टोक पाहिलं, सैल टाके पाहिले. मग पहिल्यांदा वर बघितलं आणि मान पुढे केली.

"कर पोरी," तो म्हणाला. "कधीची वाट बघतोय."

टेलरताईंचा हात शिवणीत गेला होता. मला त्यांची बोटं कात्रीवर जाणवत होती. मी मनातल्या मनात ओरडत होतो, करा, करा! पण ती बोटं हळूहळू सैल झाली. दयेने नाही, मित्रांनो. दया मी ओळखतो, ती वेगळी असते.

"असं होय," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुला सुटायचंय. आणि सोडवायचं मी? एवढी सेवा करू तुझी?"

त्यांना वयाने एवढ्या मोठ्या माणसाला अरेतुरे करताना ऐकून आजोबा चपापले. टेलरताईंनी कात्री बाहेर ओढली. एक बाई किंचाळली, लंबू झेपावला, पण डॉक्टरबाईंनी त्याची बाही पकडली. टेलरताईंनी कात्री फरशीवर ठेवली आणि पायाने दूर सरकवली. खण्णकन आवाज घुमला. या वेळी कुणीही खाली बसलं नाही.

"पोरी म्हणू नकोस मला. सांग यांना. भिंत कुणी बांधली?"

"मी."

"दाखवली कुणी?"

"मी." मग तो पुटपुटला, "त्यांनी माझ्या मुलीला केसांना धरून उभं केलं होतं."

"मुलगी कुठाय?"

"माझ्याबरोबर आहे. आत."

"माझा भाऊ कुठाय?"

त्याने तळवा माझ्यावरून काढून घेतला. मग तो म्हणाला, "त्यांच्या अधिकाऱ्याने नंतर माझ्याकडे पाणी मागितलं. तोंडावरचं फडकं काढून प्याला."

टेलरताई ताठ झाल्या. "तोंड पाहिलंस त्याचं?"

"विसरता येत नाही."

"मी फक्त तुझं बोट पाहिलं," त्या सावकाश म्हणाल्या. "त्याचं तोंड तू पाहिलंस. तूच एकट्याने." आणि त्या उठून बाहेर गेल्या.

डॉक्टरबाई त्यांच्या मागे गेल्या. तिकीटखोलीच्या खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"चूक आमची, ताई. तुम्हाला न विचारता त्याला समोर बसवलं. असं व्हायला नको होतं."

"चूक कसली, तुम्ही तो मला घरपोच आणून दिलात."

"त्याला माफ करा असं मी तुम्हाला कधीही म्हणणार नाही. पण कात्री आता माझ्याकडे राहील. आणि त्याच्यावर उपचारही मी करणार. लंबू त्याला वेगळ्या खोलीत बघेल."

"त्यालाही औषध?"

"हो. त्यालाही."

मला वाटलं, आता भांडण. टेलरताई म्हणाल्या, "मग नीट करा. चांगला शुद्धीवर आणा त्याला. हात थरथरायचा थांबला पाहिजे. डोकं ठिकाणावर राहिलं पाहिजे. आज ना उद्या या सगळ्याचा जाब विचारणारं कुणीतरी येईल, तेव्हा याला उभं राहून सांगता आलं पाहिजे. तोवर हा मेला तर डॉक्टरबाई, मी तुम्हाला सोडणार नाही."

डॉक्टरबाई हसल्या की त्यांनी डोळे पुसले, ते मला आतून दिसलं नाही.

त्यानंतर तलावात एक अजब प्रकार सुरू झाला. औषधाच्या टेबलाशी गवंडी उभा राहिला की शेजारी टेलरताई हजर. "गिळलीस? तोंड उघड. जीभ वर कर." जेवताना समोर बसायच्या. "अर्धी भाकरी कुणासाठी ठेवलीस? खा. तुला मरायची परवानगी नाही." झोप लागत नाही म्हणाला तर लंबूकडे तक्रार घेऊन जायच्या. सख्ख्या आईने केली नसती एवढी काळजी त्यांनी त्याची केली, आणि त्यातला प्रत्येक घास सूड होता. नवीन बायका म्हणायच्या, "काय माया आहे हो शेजाऱ्यावर!" दातवाले मिशीत हसायचे.

आणि माझ्याकडे? माझ्याकडे त्या क्वचित येऊ लागल्या. यायच्या तेव्हा जुन्या जागी मारायच्या नाहीत. नवीन जागा शोधली होती, वरच्या अंगाला, जिथे माणसाचं तोंड असेल.

शेवटी चौकशी करणारे लोक खरंच आले. साक्ष द्यायला दूरच्या शहरात जायचं होतं. गाडी दाराशी उभी राहिली आणि गवंड्याचा हात, बरा झालेला हात, पुन्हा थरथरू लागला.

"भीती वाटते," तो म्हणाला.

"वाटू दे. गाडीत बस."

"तो समोर असेल का?"

"असू दे. या खेपेला बोट त्याच्याकडे कर."

तो बसला. टेलरताईंनी त्याच्या गोळ्यांची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि दार ओढून घेतलं.

मित्रांनो, त्याला आता बरेच दिवस झाले. तलावातली माणसं एकेक करून भाड्याच्या घरांत गेली. डॉक्टरबाई, लंबू आणि दातवाले दुसऱ्या गावी, दुसऱ्या पळून आलेल्यांकडे गेले. मला सामानाच्या खोलीत टाकलंय. उंदरांनी टिकल्यांच्या जाकिटाची वाट लावली आहे. परवा एकजण म्हणाला, "हे गबाळं जाळून टाका." मला जाळू नका. नवी माणसं येतील, त्यांच्याही दाढा झिजलेल्या असतील. आणि तुमच्या ओळखीचं कुणी असं आतून धुमसत असेल, तर त्याला "जाऊ दे, विसर" म्हणू नका. जे गेलं ते त्याचं गेलंय, तुमचं नाही. शेजारी बसा, राग कुणावर आहे ते विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत उठू नका.

साक्षीचं काय झालं, ते मला कुणी सांगितलेलं नाही. लोडाला कोण सांगणार? पण टेलरताई परत आल्या की आधी माझ्याकडे येतील आणि मूठ वळतील. गुद्दा कुठे बसतो आणि केवढ्याने बसतो, त्यावरून मला सगळं कळेल. तोवर कुणीतरी माझे टाके तेवढे पक्के करा. तो अधिकारी अजून मोकळा असेल, तर मला फाटून चालणार नाही.