जयाबाईचा होकार

"सौरवला पाठवशील काय? स्वतःच्या पोराला पाठवशील काय तू आफ्रिकेला, बिनपगारी?"

मारुतीराव मामांनी हे विचारलं आणि खोलीतले सगळे जयाबाईकडे बघू लागले. जयाबाई चहाचे कप गोळा करत होती. ती तशीच वाकून उभी राहिली.

बेळगावच्या वडगावातल्या त्या घरात पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग होते. पाहुणे आले म्हणून परशरामनं ते बंद ठेवले होते. एरवी मागाच्या खडखडाटात इथं कुणाचं बोलणं कुणाला नीट ऐकू जात नसे. आज मात्र बशीवर कप ठेवल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता.

"मारुतीराव, ती कुठं काय म्हणाली? पोरीनं स्वतः ठरवलंय," परशराम म्हणाला.

"तेच की, दाजी! ती काय म्हणतच न्हाय. लगीन करून द्यायचं वय पोरीचं. आणि ही मुकाट बसून बघती. उद्या अख्खं उचगाव म्हणंल, राणीच्या पोरीला सावत्र आईनं देशाबाहेर घालवली."

राणी म्हणजे परशरामची पहिली बायको, उचगावच्या मारुतीरावांची धाकटी बहीण. तिची मुलगी रक्षा नुकती बोलायला लागली होती, तेव्हा राणी तापानं गेली. वर्षभरानं जयाबाई या घरात आली. सौरव नंतरचा. तो आता आयटीआय करत होता.

रक्षा भिंतीला टेकून उभी होती. तिनं याच वर्षी फिजिओथेरपीची पदवी घेतली होती. मलावी नावाच्या देशातल्या एका दवाखान्यानं तिला बोलावलं होतं. वाकडे पाय घेऊन जन्मलेल्या मुलांवर तिथं उपचार होत. दोन वर्षं राहायचं. राहणं, जेवण आणि हातखर्च त्यांचा. पगार नाही. येत्या शनिवारपर्यंत तिला उत्तर द्यायचं होतं.

"मामा," ती म्हणाली, "तिथं बाया पोराला पाठीला बांधून दिवसभर चालत येतात. पलस्तर करतात, परत जातात, पुढच्या आठवड्याला परत येतात. पलस्तर निघाल्यावर पोराला चालायला शिकवायला माणूसच न्हाय. मधीच येणं सोडतात. माझे पाय कसे होते तुम्हाला ठाव हाय न्हवं?"

मामांनी मान दुसरीकडे वळवली. ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

रक्षाचे दोन्ही तळवे जन्मतःच आत वळलेले होते. राणीच्या आजारपणात आणि नंतरच्या धावपळीत तिकडे बघायला कुणाला वेळ झाला नव्हता. जयाबाई लग्न होऊन आली तेव्हा ते पोर पावलाच्या कडांवर चालत होतं. घरातली भांडी कुठली कुठं हे कळायच्या आधीच जयाबाईनं चौकशी करून दवाखाना शोधला. दर आठवड्याला पोरीला कडेवर घ्यायचं, बसनं जायचं, जुनं पलस्तर काढून नवं घालायचं. पाय सरळ झाले, तेव्हा डॉक्टरांनी एका पट्टीला जोडलेले बूट दिले. रात्रभर घालायचे, पोर कितीही रडलं तरी काढायचे नाहीत.

पोर रडत असे. गल्लीला ऐकू जात असे. गल्लीनं एवढंच ऐकलं की सावत्र आई पोरीचे पाय बांधून झोपवते. ती बातमी उचगावला पोचली. मामा आले आणि भाचीला उचलून घेऊन गेले. बूट तिकडे कुणी घातले नाहीत. दिवाळी करून पोरगी परत आली, तेव्हा पाय पुन्हा आत वळू लागले होते. जयाबाईनं कुणाला काही म्हटलं नाही. तिनं पुन्हा पहिल्या पलस्तरापासून सुरुवात केली.

त्या दिवसांत तिला एक गोष्ट कळली होती. सख्खी आई रागावली तर ती रागावते. सावत्र आई रागावली तर ती छळते. तेव्हापासून पोरीच्या बाबतीत ती करायची सगळं, पण बोलायची काहीच नाही. कुठल्या शाळेत घालायचं, कुठलं कॉलेज, सगळ्याला परशरामकडे बघून तिचं उत्तर एकच असे, "आप्पा म्हणतील तसं." मलावीचं कळलं तेव्हाही ती तेवढंच म्हणाली होती.

"मी जात न्हाय," रक्षा एकदम म्हणाली. "विषय संपला, मामा." आणि ती आत निघून गेली.

जयाबाई कप घेऊन मागोमाग गेली. रक्षा मोरीपाशी पाठमोरी उभी होती.

"आई, सगळे बोलले. मामा बोलले, आप्पा बोलले, शेजारची मालुबाईसुद्धा बोलून गेली. तू एक शब्द बोलली न्हाईस. जा म्हण, न्हाईतर जाऊ नको म्हण. मी गेले काय, ऱ्हायले काय, तुला काहीच वाटत न्हाय काय गं?"

जयाबाईनं नळ सोडला आणि कप विसळू लागली. तिला बोलायचं होतं. पण इतकी वर्षं गिळलेलं असं मागितल्याबरोबर वर येत नाही. रक्षा वाट बघून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माग सुरू झाले. जयाबाई मागाला लागणाऱ्या कांड्या सुतानं भरून द्यायची. ते तिचं रोजचं काम. त्या दिवशी तिनं अर्ध्यातच यंत्र थांबवलं, बाहेर जायचं लुगडं नेसली आणि रक्षाला म्हणाली, "चल."

"कुठं?"

"उचगावला. तुझ्या आज्जीकडं."

रक्षा बघतच राहिली. बायाक्का, म्हणजे तिच्या राणी आईची आई. रक्षा सुट्टीला आजीकडे जात असे, पण जयाबाईनं त्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. आणि बायाक्कानंही, लेक गेल्यापासून, वडगावच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

उचगावच्या बसमध्ये गर्दी होती. कंडक्टर कानडीत "आधार तोरसरी, आधार" म्हणत कार्डं मागत आला. दोघींनी कार्डं दाखवली, त्यानं बायकांची फुकटची तिकिटं फाडून दिली. रक्षानं दोनदा विचारलं, "आज्जीकडं कशाला?" जयाबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

बायाक्का घरी नव्हती. रताळी काढायचे दिवस होते, ती शेतात होती. काढलेल्या रताळ्यांची माती झाडून ती ढीग लावत बसली होती. जयाबाईला बांधावर बघून तिचे हात थांबले.

"तू व्हय? बस."

जयाबाई खाली मातीतच बसली. रक्षा जरा मागं उभी राहिली. जयाबाईनं एक रताळं उचललं, त्याची माती पुसली आणि ढिगावर ठेवलं. मग म्हणाली, "बायाक्का, पोरगी तुमच्या लेकीची. तिला लांबच्या देशात जायचं हाय, दोन वर्सं. मारुतीरावांनी सांगितलं असंल. तुमी व्हय म्हटलं तर जाईल, न्हाय म्हटलं तर ऱ्हाईल. तेवढं इचारायला आलतो."

"आणि तू काय म्हणतीस?"

"मी काय म्हणायचं? जा म्हटलं तर घालवली म्हणतील. नको म्हटलं तर सावत्र आईनं पोरीचं नशीब अडवलं म्हणतील. मी काय बी बोललं तरी वाकडंच दिसतंय."

बायाक्कानं आणखी एका रताळ्याची माती झाडली. मग म्हणाली, "लोकांचं ऱ्हाऊ दे बाजूला. तुला काय वाटतं?"

"मला कोण इचारतंय, बायाक्का?"

"मी इचारतो न्हवं आता?"

जयाबाईनं मागं वळून रक्षाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"जाऊ नये असं वाटतं," ती म्हणाली. "ही घरात नसली की मला काय सुधरत न्हाय. दवाखान्यात रातपाळी असायची तवा मी झोपतच न्हवतो. परदेशात ताप आला तर कोण बघणार? तांदूळ तरी मिळतो काय न्हाय तिथं, कुणास ठाव. दोन वर्सं, बायाक्का! मी कुणाच्या तोंडाकडं बघून दिस काढायचा?" तिनं पदरानं नाक पुसलं. "तरी बी तिनं जावं. पोर कडेवर घिऊन दवाखान्याला जायचं म्हंजे काय, ते मला म्हाईत हाय. लोकं बोलत असतात, पोर रडत असतंय, आणि आपल्याला ठाव नसतंय हे सरळ व्हणार का न्हाय. तवा कोण तरी 'व्हतंय, मावशी, परत या' म्हणणारं लागतंय. त्या बायांना ते म्हणायला ही तिथं असू दे."

एका दमात जयाबाई एवढं कधी बोलली नव्हती. रक्षा तिच्याजवळ येऊन बसली आणि जयाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवून तशीच राहिली.

बायाक्का हातातली माती झाडत म्हणाली, "तवा पोर तुझ्याकडनं ओढून आणलं आमी. त्या बुटांना हात लावू दिला न्हाय मी कुणाला. माझी लेक गेलती, मला सगळं जग वैरी दिसत हुतं. पोराचा पाय परत वळला ते मीबी बघितलो. वाटलं, आता ही येऊन भांडंल. तू दारात आलीस, भाईरच्या भाईर पोर उचललीस आणि गेलीस. एक शिवी जरी दिली असतीस जया, तर माझी झोप परत आली असती."

"शिवी कशाला द्यायची? तुमचं लेकरू गेलतं."

"म्हणून सांगतो, आता मला इचारू नको. राणीनं जल्म दिला. चालायला तू लावलीस. कुठवर जायचं ते तूच सांग तिला. तुझ्या तोंडानं. मारुतीचं मी बघतो."

जयाबाईला कळेना कसं म्हणावं. मग ती रक्षाला म्हणाली, "जा बाई." गुडघ्यावरचा तिचा हात धरून पुन्हा म्हणाली, "जा. आणि परत ये."

"येते की, आई," रक्षा म्हणाली आणि दोघी एकदमच रडायला लागल्या. बायाक्कानं त्यांना रडू दिलं. ती उठली आणि पिशवीत चांगली चांगली रताळी निवडून भरू लागली.

परतीच्या बसमध्ये जयाबाई जी बोलायला लागली ती थांबेना. पाणी उकळून पी. रात्री एकटी हिंडू नको. चटणी किती द्यायची, विमानात चालते काय ते विचारून घे. कुणी काही बोललं तर ऐकून घेऊ नको, तोंडावर सांग, माझ्यासारखं करू नको. रक्षा "व्हय, व्हय" म्हणत ऐकत होती. जिला काहीच वाटत नाही असं तिला काल वाटलं होतं, तिचं हे बोलणं बेळगावचा स्टँड येऊच नये असं वाटावं इतकं तिला आवडत होतं. शनिवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी तिनं होकार कळवला.

जायच्या दिवशी सकाळी दारात गाडी उभी राहिली. सांबऱ्याच्या विमानतळावरून मुंबई, आणि तिथून पुढं. मारुतीराव मामा उचगावहून आले होते. त्यांच्यासोबत बायाक्का होती. उंबऱ्याशी ती क्षणभर थबकली. जयाबाईनं तिच्या पायावर पाणी घातलं, हाताला धरून आत आणलं. मामांनी स्वतः रक्षाची बॅग उचलून गाडीत ठेवली. निघताना ते जयाबाईला म्हणाले, "आक्का, पोचली की आधी तुला फोन लावायला सांगतो तिला." त्यांनी जयाबाईला आक्का म्हटलेलं त्या घरानं पहिल्यांदाच ऐकलं.

गाडीत सगळे मावेनात. परशराम, सौरव आणि मामा रक्षाबरोबर गेले. रक्षा दोघींच्या पाया पडली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी जयाबाई दारातच उभी होती. बायाक्काही तिच्या शेजारी उभी राहिली.

दुपारी तिघे विमानतळावरून परतले आणि मामा दारातूनच म्हणाले, "चल आई, निघूया. गाडी थांबलीय."

बायाक्का आत भिंतीला टेकून बसली होती. "तू जा."

"म्हंजे?"

"मी ऱ्हातो चार दिस. लेकीच्या घरी आलोय, लगेच कशाला उठू?"

मामा थोडा वेळ घुटमळले, मग गेले. गाडीचा आवाज लांब गेला. जयाबाईनं कामाला हात घातला, पण सुताची लडी गुंतली होती आणि तिला धड दिसत नव्हतं.

"आण इकडं," बायाक्का म्हणाली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. जयाबाईनं लडी त्या हातांत अडकवली, समोर बसली आणि सुताचं टोक शोधू लागली.